बांधावरून थेट चेंबूर

महागाईवर माझ्याकडे कायम एक उपाय तयार असतो, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो सांगण्यासाठी मी कुणी विचारायची वाटही पाहत नाही. मधले दलाल काढून टाका, हा तो उपाय. टिळक नगरातल्या आमच्या इमारतीखाली संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. तिथे हा उपाय मी कांद्यावर सुचवला आहे, तूरडाळीवर सुचवला आहे, एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवरही सुचवला आहे. वर्तमानपत्रांत माझी पत्रं छापून येतात. 'शेतकरी आणि ग्राहक दोघेही भरडले जात आहेत' हे वाक्य त्या प्रत्येक पत्रात असतं. संपादक बाकी सगळं कापतात, पण ते वाक्य ठेवतात. बायकोचं म्हणणं, ते कुणालाच टोचत नाही म्हणून राहतं. बायको अर्थशास्त्राची नाही. मी अर्थशास्त्राचा.

ही कात्रणं मी निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांना व्हॉट्सॅपवर पाठवायचो. मामा सत्तरीचे. आयुष्यभर कांदा केला. मध्ये काही वर्षं द्राक्षं केली, द्राक्षांनी बुडवल्यावर पुन्हा कांदा. पंचविशी ओलांडली तेव्हा ते शरद जोशींच्या नादी लागले. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून हा कोण माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसलाय, ते बघायला म्हणून गेले. पुढे 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला तीनशे रुपये आणि कांद्याला रास्त भाव मागत रस्ते नि रेल्वे अडवली गेली, तेव्हा मामा पोलिसांच्या गाडीतून नाशिकला पोचले. आजीने देव पाण्यात घातले होते. मामा मात्र तुरुंगातल्या आमटीचं अजून कौतुक करतात. संघटनेचा लाल बिल्ला देव्हाऱ्याखालच्या डबीत जपून ठेवला आहे.

माझ्या प्रत्येक पत्राला मामांकडून एक अंगठा यायचा. तो पसंतीचा आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

फक्त एकदाच अंगठा न येता थेट फोन आला. मार्च 2018 मध्ये किसान लाँग मार्च नाशिकहून चालत मुंबईत आला, तो आमच्या दारावरून, म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्गावरूनच गेला. सोमय्या मैदानावर मुक्काम होता. पण सकाळी दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला त्रास नको म्हणून ती माणसं रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत निघाली. मी अमर महालपाशी बिस्किटांचे पुडे वाटले. पायात चपला नसलेल्या एका म्हाताऱ्याबरोबर फोटो काढला आणि त्यांना आपुलकीने विचारलं, ''काय म्हणतोय यंदा कांदा?'' ते सुरगाण्याकडचे, भात-नागलीवाले. ते वनजमिनीबद्दल काहीतरी सांगू लागले, पण मला पुढच्या म्हाताऱ्याला बिस्किटं द्यायची होती.

''अरे बाबा,'' मामा फोनवर म्हणाले, ''जी जमीन बापजाद्यांपासून कसत्यात, ती नावावर करा म्हणून चालत आलीत ती माणसं. आन तू त्यांना कांद्याचा भाव इचारला?''

मी म्हटलं, ''मामा, भावना महत्त्वाची.''

''बिस्किट कोणतं होतं?'' मामांनी विचारलं आणि फोन ठेवला.

मामा चेंबूरला येतात ते डोळ्यांच्या डॉक्टरसाठी. आमच्या गॅलरीतून, मध्ये नवे टॉवर उभे राहिले तरी, आरसीएफच्या खत कारखान्याची एक चिमणी अजून दिसते. मला त्या चिमणीवरून आठवतो तो वाऱ्याबरोबर येणारा अमोनियाचा वास आणि चेंबूरला लोकांनी ठेवलेलं 'गॅस चेंबर' हे नाव. मामांना ती दिसताच त्यांनी टोपी सारखी केली. ''पंधरा-पंधरा-पंधरा इथंच होतो?'' सुफलाची गोणी आयुष्यभर पाठीवर वाहिलेल्या माणसाला त्या चिमणीचं अप्रूप होतं. संध्याकाळी त्यांनी मला कारखान्याच्या फाटकापर्यंत चालवत नेलं आणि तिथल्या सुरक्षारक्षकाला अदबीने विचारलं, ''साहेब, युरियाची गोणी पन्नासची पंचेचाळीस किलोची केली, ती कुणाच्या डोक्यातून निघाली?'' सुरक्षारक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी चिमणीकडे पाहिलं.

हे सगळं सांगतोय ते मे 2023 कडे येण्यासाठी. मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गावी गेलो होतो. त्या वर्षी फेब्रुवारीपासूनच कांदा आडवा झाला होता. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला पाचशे बारा किलो कांद्याचे, खर्च वजा जाता, दोन रुपये मिळाले आणि त्या दोन रुपयांचा चेकसुद्धा पुढच्या तारखेचा होता, ही बातमी देशभर गाजली होती. सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केलं, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला. शिवाय सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांदा लागलेला हवा. मामांनी मार्चमध्ये थोडा लाल कांदा विकला होता, पण पाहणीचं ॲप त्यांच्या मळ्यात रेंज नसल्यामुळे गोल गोल फिरत राहिलं, आणि सातबाऱ्यावर कांद्याच्या जागी काहीच उमटलं नाही. जमिनीत कांदा होता, कागदावर पडीक होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते मला ट्रॅक्टरवर बसवून लासलगावला घेऊन गेले. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून मी तिच्यावर दोन पत्रं लिहिली होती. पाहत होतो पहिल्यांदाच. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकत होता. मामांच्या ट्रॉलीशी आला. एकाने कोपरापर्यंत हात खुपसून आतला कांदा वर काढला, अंगठ्याने मान दाबून पाहिली, साल चोळली, वास घेतला. कुणीतरी सहाशे म्हणालं, कुणीतरी सव्वासहाशे. आकडे एकमेकांवर आदळत सातशे ऐंशीवर थांबले, चिठ्ठीवर खरडलं गेलं, चिठ्ठी मामांच्या हातात आली आणि घोळका पुढच्या ट्रॉलीवर गेला. मला खिशातून मोबाइल काढून फोटो घ्यायचा होता, तेवढाही वेळ मिळाला नाही.

''मामा, तुम्ही काहीच बोलला नाहीत?''

''रोप टाकल्यापासून पाच महिने बोलतोय की कांद्याशी. आता ते बोलणार.''

पुढे भुईकाट्यावर वजन आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खरी गंमत झाली. तळाचा माल 'खाद' निघाला म्हणून ऐंशी रुपये तोडायची भाषा निघाली, पंचवीसवर तोडगा निघाला. मामांच्या हिशेबाने त्यांचा उत्पादनखर्चच क्विंटलला हजाराच्या वर होता.

मी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. लासलगावला किलोला पावणेआठ, चेंबूर स्टेशनबाहेर वीस-पंचवीस. मधले बारा-सतरा रुपये गेले कुठे? मी पत्रिका मामांपुढे धरली.

''गोणी, भरणी, हमाली, गाडीभाडं,'' मामा बोटं मोडू लागले. ''वाशीला उतराई. तिथला घाऊकवाला. त्याच्याकडून तुझा भाजीवाला. दलाल खातो का? खातो. त्यो खातो ते दिसतं तरी. वाटेत जो वाळतो, सडतो, ते कुणीच खात नाय. ते तुझ्या पत्रात नसतं.''

मी त्यांना पत्राला शब्दमर्यादा असते हे समजावून सांगितलं.

त्या रात्री ओट्यावर जे काही झालं, त्याला मी चर्चा म्हणतो. मामांच्या घरचे त्याला मामांचं भाषण म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. मामांचं राजकारण कुठल्याच पक्षात बसत नाही. ''मी हमीभाव मागत नाय,'' ते म्हणाले. ''हमीभावाच्या यादीत कांदा नाय, आन नसला तरी चालंल. माझं म्हणणं एकच. भाव चढाया लागला की मधी येऊ नका. पडतो तवा कोण येतं मधी?'' मग 2020 निघालं. ते साल मामांना तोंडपाठ आहे. जूनमध्ये वटहुकूम निघाला की कांदा आता जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतून मोकळा. मामांनी पेढे वाटले. सप्टेंबरच्या मध्याला निर्यात बंद. ऑक्टोबरात व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा. ''मोकळा केला म्हणजे गोठ्यातून सोडला आन येशीवर बांधला.''

''पण मामा, बाजारात टंचाई असेल तर देशाने आधी आपलं बघायचं की नाही?''

''बघ ना. पण गिऱ्हाईकाला सांगून तरी बंद कर.'' आणि मग शेख हसीना आल्या. 2019 च्या सप्टेंबरअखेर भारताने अशीच रातोरात निर्यात थांबवली, त्यानंतर आठवड्याभरात बांगलादेशच्या या तेव्हाच्या पंतप्रधानबाई दिल्लीत होत्या. आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं, मला माझ्या स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगावं लागलं, अशी हसत हसत तक्रार त्यांनी भर सभेत केली. मामांना त्या बाईंबद्दल फार ममत्व. ''आपल्या कांद्याची चव असलेली बाई,'' ते म्हणाले. ''दोनदा बंद केला की तिसऱ्यांदा ते चीनकडं जातील, पाकिस्तानकडं जातील, सोता लावतील. तुटलेलं गिऱ्हाईक अन् तुटलेला बांध, दोन्ही परत बांधायला पैका लागतो.''

1980 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावावर प्रचार केला. 1998 मध्ये कांदा भडकला आणि दिल्लीतलं सुषमा स्वराज यांचं सरकार गेलं. मामांच्या मते तेव्हापासून दिल्लीतला प्रत्येक पुढारी सकाळी उठल्यावर आधी कांद्याचा भाव बघतो आणि मग देवाचा फोटो.

मी शेवटचं अस्त्र काढलं. गरीब ग्राहकाचं काय?

''गरिबाच्या खात्यावर पैसे टाका. माझ्या ट्रॉलीतून कशाला काढता? आन तू गरीब हायेस का? कांदा महागला की तुझा महागाई भत्ता वाढतो. स्वस्त झाला म्हणून कधी कमी झाला?''

बँकेच्या पेन्शनरांचा तो कधीकधी थोडा कमीही होतो, हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं. मामांनी दोन्ही हात जोडून माझी क्षमा मागितली.

आता इथे शहाणा माणूस झोपायला गेला असता. मी म्हणालो, ''मामा, वीस गोण्या मला द्या. थेट शेतकरी ते ग्राहक. मध्ये कोणी नाही.''

''मध्ये तू हायेस की.''

''मी मोजत नाही.''

मामांनी थोडा विचार केला. कांद्याच्या चाळीतला निवडक माल, पन्नास किलोच्या वीस गोण्या, हजार किलो. ''घेऊन जा. भाव येईल तसे पैसे दे. बाजारात रोख मिळत्यात, पण तू घरचा.'' मामींनी आतून काहीतरी म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. सुरात विरोध होता.

पिकअप रात्री चेंबूरला पोचला. माझी गाडी आदल्या वर्षी विकल्यामुळे पार्किंगची जागा रिकामीच होती. वीस गोण्या तिथे उतरवल्या, वॉचमनला आणि त्याच्या दोन गाववाल्यांना हमाली दिली, आणि सगळं छान दिसावं म्हणून वरून निळी ताडपत्री ओढली. निम्मा माल पंधरा रुपयांनी सभासदांना द्यायचा, निम्मा दिवाळीपर्यंत ठेवायचा, असा बेत होता. दिवाळीत कांदा पन्नासच्या खाली नसतो, हे बायकोला समजावत असताना तिने विचारलं, ''अहो, याला तुम्ही पत्रात काय म्हणता?'' मी पत्रात याला साठेबाजी म्हणतो. पण ती व्यापाऱ्यांची.

रविवारी सकाळी विक्री सुरू झाली. नवा वजनकाटा, टेबल, टेबलाला 'बांधावरून थेट' असा फलक. तासभर मला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मग लोकांनी निवडायला सुरुवात केली. प्रत्येकाला एकाच आकाराचे, मध्यम, गोल, साल न सुटलेले कांदे हवे होते. दोन किलोसाठी लोक गोणीचा तळ वर आणत. जोडकांदा दिसला की चेहरा पाडून बाजूला ठेवत. दुपारपर्यंत माझ्याकडे चार गोण्यांची गोल्टी, जोड आणि मोठ्या मानेचा डेंगळा उरला होता आणि चांगला माल संपत चालला होता. ''ऑर्गॅनिक आहे का?'' ''यात सुफला घातलाय,'' मी अभिमानाने म्हणालो, ''आपल्याच चेंबूरचा.'' दोघी-तिघी पिशव्या रिकाम्या करून गेल्या. चौथ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी अर्धा कांदा घेऊन खाली आल्या. आतून काळा निघाला होता. बदलून हवा होता. उरलेला अर्धा कुठे आहे, असं मी विचारलं. उरलेला अर्धा पोह्यांत होता.

फाटकाबाहेरचा हातगाडीवाला, ज्याला मी व्यवस्थेतून काढून टाकत होतो, तो हे सगळं बिडी ओढत बघत होता. त्याच्याकडे वीस रुपये भाव होता. पण तो निवडू देत असे, घरपोच देत असे, उधार ठेवत असे आणि वर चार मिरच्या टाकत असे. तिसऱ्या दिवशी तो आत येऊन म्हणाला, ''काका, ताडपत्री काढा. कांद्याला घाम सुटतोय.'' मी त्याचे आभार मानले आणि ताडपत्री तशीच ठेवली. प्रतिस्पर्ध्याचा सल्ला कुणी ऐकतं का?

पुढच्या आठवड्यात शेजारच्या टॉवरमधल्या एका गृहस्थांनी घरच्या कार्यासाठी आठ गोण्या मागितल्या, बावीस रुपये किलोने, रोख. मी होकार दिला आणि संध्याकाळी सूचनाफलकावर विशेष सभेची नोटीस लागली.

सभेत ठराव आले ते असे : पार्किंग सोसायटीचं, जिना झाडणारी बाई सोसायटीची, तेव्हा सभासदांची गरज भागल्याशिवाय एकही गोणी फाटकाबाहेर जाणार नाही. दुसरा, एका वेळी दहापेक्षा जास्त गोण्या ठेवता येणार नाहीत. तिसरा, भाव बारा रुपये. खजिनदारांनी त्याला 'सभासदहिताचा भाव' असं नाव दिलं.

मी उभा राहिलो. काय बोललो ते मला पुसटच आठवतं, पण आवाज चढला होता. माल माझा आहे, जिथे भाव मिळेल तिथे मी विकीन, पडला तेव्हा कोण आलं होतं, चढला की मधे का येता, गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही! टॉवरच्या त्या गृहस्थांविषयी तर मला एवढं ममत्व वाटू लागलं होतं की डोळे भरून आले. सेक्रेटरी शांतपणे उठले. मागच्या भिंतीवरच्या फलकावर मीच हौसेने लावलेलं माझं एक कात्रण होतं, लॅमिनेट केलेलं. ते त्यांनी काढून सभेला वाचून दाखवलं. मथळा होता : 'साठेबाजांना वेसण घाला, निर्यात तत्काळ रोखा'.

ठराव एकमताने मंजूर झाले. बायकोनेही हात वर केला होता.

रात्री मामांना फोन लावून सगळं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. मामा मधे एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ''चांगलं झालं. ऐंशी साली मी हेच बोलायचो. मला माइक असायचा.''

त्या वर्षी पाऊस लांबला आणि मग 25 जूनला मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी मोसमी पाऊस दाखल झाला, त्याचं हवामान खात्यालाही नवल वाटलं. मला नवलापेक्षा वास आधी आला. मामांच्या मळ्यातली चाळ जमिनीपासून वर उचललेली, दोन्ही अंगांनी जाळी, वारा आरपार. आणि थर आखूड. माझ्या चाळीत एकावर एक गोण्या, वर ताडपत्री, तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला सोसायटीची पाण्याची टाकी. ताडपत्री उचलली तेव्हा आतून वाफ बाहेर आली. खालच्या गोण्यांतून तपकिरी पाणी वाहत सेक्रेटरींच्या स्कूटरपर्यंत पोचलं होतं.

भाड्याचे दोन पंखे लावले. आमच्या कट्ट्यावर बीएआरसीतून निवृत्त झालेले एक शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी धीर दिला. लासलगावला त्यांच्याच संस्थेने विकिरण केंद्र उभारलं आहे, कांद्यावर गॅमा किरण सोडले की कोंब येत नाहीत. त्याच केंद्रातून 2007 मध्ये हापूस अमेरिकेला गेला. मी विचारलं, आता सोडले तर? ते म्हणाले, काढणीनंतर लवकर सोडावे लागतात, आणि कोंब थांबतो, सड नाही. मग थोडा वेळ गोण्यांकडे बघून म्हणाले, ''यांना कोंब यायची भीती नाही आता.''

हातगाडीवाल्याने वाचण्यासारखा माल निवडून काढायला एक दुपार दिली. पैसे घेतले नाहीत. निवडलेल्यातला काही त्यानेच स्टेशनजवळच्या भजीच्या गाडीवाल्याला आठ रुपयांनी लावून दिला. बाकीचा सफाईवाल्यांना पैसे देऊन उचलवला. तेव्हा जुलै होता, टोमॅटो दीडशेच्या घरात होता आणि ऑगस्टमध्ये तर सरकारने तो नेपाळहून आणवला. मामा फोनवर म्हणाले, ''मे महिन्यात आमच्याकडं लोक फेकत होते. नेपाळला तवाच धाडला असता, तर आता परत आणता आला असता.''

शनिवारी, 19 ऑगस्टला, केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं. माझ्याकडे तेव्हा अर्धी गोणी शिल्लक होती, तीही घरात, पलंगाखाली. तरीही तो निर्णय माझ्यावर डोळा ठेवून घेतला गेलाय याबद्दल माझी खात्री होती. नाशिकमध्ये लिलाव बंद पडले, केंद्राने दोन हजार चारशे दहा रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली, राज्यातले एक मंत्री म्हणाले की दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. मी टीव्हीसमोर उभा राहून घोषणा दिल्या. बायकोने त्या अर्ध्या गोणीतले कांदे घेऊन भजी केली आणि मी त्याच उभ्याने ती खाल्ली.

गणपतीत मामा आले. आमच्या टिळक नगरातल्या सह्याद्री मंडळाचा देखावा बघायचा होता, आणि व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवल्यामुळे त्यांना सवडच सवड होती. चहा झाल्यावर त्यांनी चष्मा लावला. ''कांद्याची हिशेबपट्टी केली का?''

केली होती. बँकेतली शिस्त. टाइप करून, खाली सही करून. मामांनी ती मोठ्याने वाचली, आडत्याच्या गादीवर उभं राहून वाचावी त्या सुरात. अडीचशे किलो पंधराने, तीन हजार सातशे पन्नास. एकशे ऐंशी किलो बाराने, दोन हजार एकशे साठ. पासष्ट किलो आठने, पाचशे वीस. एकूण विक्री सहा हजार चारशे तीस. घट, सड, नमुना आणि घरखर्च, पाचशे पाच किलो. इथे ते थांबले, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुढे गेले. वजा : गाडीभाडं बेचाळीसशे, हमाली सहाशे, वजनकाटा साडेआठशे, ताडपत्री चारशे, पंखे नि वीज तीनशे, घाण उचलणावळ साडेचारशे. एकूण खर्च सहा हजार आठशे.

''म्हंजे मीच तुला तीनशे सत्तर देणं लागतो.''

''मामा, तो नुसता हिशेब आहे. मी ते माफ...''

''माफ कशाला? हिशेब हाये.'' त्यांनी पट्टी उलटी करून मागची बाजू पाहिली. ''आडत धरायची राहिली तुझी. तशी सोळा सालापासून भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडनं घेता येत नाय. पण तुला कुठं लायसन हाये, तुला कायदा कसा लागू होईल?'' बंडीच्या आतल्या खिशातून शंभराच्या चार नोटा काढून त्यांनी टीपॉयवर ठेवल्या. ''वरचे तीस आडतीचे.''

बायको दारात येऊन उभी होती. मी नोटांना हात लावावा की नाही, या विचारात होतो.

''आन पावती दे,'' मामा म्हणाले, ''तारीख घालून. उद्या अनुदान निघालं तर म्हणतील, कांदा इकलाच कुठं?''